ऑस्टिओपाँटिनचा बँड ३५ ऐवजी ६०च्या वर येतोय, अँटिबॉडी बदलू का?

एवढ्यात बदलू नका. ऑस्टिओपाँटिन हे हाडातलं प्रथिन तुम्ही अँटिबॉडीने दोन ठिकाणी शोधताय: ब्लॉटवर, म्हणजे जेलमध्ये वजनानुसार वेगळ्या झालेल्या प्रथिनांच्या पट्ट्यांमध्ये (बँड), आणि हाडाच्या पातळ कापावर (सेक्शन) रंग आणून. तुमच्या तक्रारी तीन आहेत: उंदराच्या हाडाच्या अर्कात बँड ३५ किलोडाल्टनला (रेणूच्या वजनाचं एकक) यायला हवा तो ६०च्याही वर येतो, खाली तिशीच्या आसपास आणखी एक फिकट बँड दिसतो, आणि मांडीच्या हाडाच्या सेक्शनमध्ये मज्जासुद्धा तपकिरी होते. पहिल्या दोन गोष्टी बहुधा या प्रथिनाचा स्वभावच आहेत. तिसरीबद्दल मात्र मला दाट शंका आहे.

३५ हा आकडा नुसत्या अमिनो आम्लांच्या बेरजेतून येतो. माणसाच्या ऑस्टिओपाँटिनची साखळी ३१४ अमिनो आम्लांची, उंदराची थोडी लहान. पण पेशीतून बाहेर पडेपर्यंत तिच्यावर फॉस्फेट आणि शर्करा चढलेल्या असतात. मानवी दुधातल्या ऑस्टिओपाँटिनवर फॉस्फेटच्या ३६ जागा सापडल्या आहेत. शिवाय अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांची रेलचेल, त्यामुळे एसडीएस (प्रथिनांना ऋणभार देऊन जेलमधून पुढे नेणारा साबणासारखा पदार्थ) नीट चिकटत नाही आणि प्रथिन जेलमध्ये रेंगाळतं. ४४पासून ७५पर्यंत कुठेही बँड दिसल्याच्या नोंदी आहेत. जेलमधलं अ‍ॅक्रिलामाइडचं प्रमाण बदललं की तोच नमुना वेगळा आकडा दाखवतो. तेव्हा माहितीपत्रकावरचं वजन पाहून अँटिबॉडीला नापास करण्यात अर्थ नाही. अर्काचा थोडा भाग फॉस्फटेज (फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम) घालून ठेवा आणि शेजारच्या लेनमध्ये चालवा. बँड जागचा हलला तर निदान तो फॉस्फेट वाहणाऱ्या प्रथिनाचा आहे एवढं कळेल.

खालचा बँड म्हणजे तुकडा असू शकतो. रक्त गोठवणारं एन्झाइम थ्रॉम्बिन ऑस्टिओपाँटिनला जवळपास मध्यावर कापतं, माणसात १६८व्या आर्जिनीननंतर. हाड काढताना रक्त राहून गेलं की अर्कात हे होणारच. रक्तातलं ऑस्टिओपाँटिन मोजताना सीरमऐवजी ईडीटीए (कॅल्शियम पकडून रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेला प्लाझ्मा घेतात तोही याचसाठी, कारण रक्त गोठताना थ्रॉम्बिन तयार होतं. तुमची अँटिबॉडी कोणत्या टोकाविरुद्ध बनवली आहे ते पाहा. एकाच टोकाला ओळखणारी असेल तर दुसरा तुकडा तिला दिसणारच नाही.

ब्लॉकिंगला, म्हणजे अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून आधी जागा झाकायला, स्किम मिल्क वापरत असाल तर ते थांबवा आणि बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) घ्या. गाईच्या दुधात ऑस्टिओपाँटिन मुळातच असतं. गाईचं प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी त्यातच अडकून बसते आणि वर पार्श्वभूमीही काळवंडते.

आता सेक्शन. मज्जा सरसकट तपकिरी झाली असेल तर मला आधी पेरॉक्सिडेज, म्हणजे रंग आणणारं एन्झाइम, आठवतं. मज्जेतल्या पांढऱ्या आणि तांबड्या पेशींमध्ये ही क्रिया स्वतःचीच भरपूर असते, आणि डीएबी (तपकिरी होणारं रसायन) कोणाच्या पेरॉक्सिडेजवर रंगायचं ते निवडत नाही. एका स्लाइडवर कुठलीच अँटिबॉडी न घालता फक्त डीएबी टाका. तरीही रंग आला तर हायड्रोजन पेरॉक्साइडचं ब्लॉकिंग अपुरं पडतंय. दुसरी स्लाइड फक्त सेकंडरीची, म्हणजे प्रायमरीला (ऑस्टिओपाँटिन ओळखणाऱ्या अँटिबॉडीला) चिकटणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीची. प्रायमरी उंदरातली आणि ऊतीही उंदराचीच असेल, तर सेकंडरी तिथल्या मूळच्या इम्युनोग्लोब्युलिनला चिकटते. मग सशातली प्रायमरी घ्या किंवा थेट लेबल लावलेली.

खरा रंग ओळखायचा कसा? हाडाच्या जुन्या आणि नव्या थरांमधल्या सिमेंट लाइन बारीक, गडद रेघांसारख्या उठून दिसायला हव्यात. ऑस्टिओब्लास्टमध्ये केंद्रकाशेजारी ठिपका, आणि वाढीच्या कूर्चेत खनिज जमू लागतं त्या टोकाच्या फुगीर पेशींपाशी रंग. मज्जेतल्या मॅक्रोफेज हे प्रथिन बनवतात, म्हणून तिथे विखुरलेल्या चार-दोन पेशी रंगल्या तर हरकत नाही. पण मज्जा रंगली आणि सिमेंट लाइन कोऱ्या राहिल्या, तर त्या चित्रावर मी विश्वास ठेवणार नाही.

सिमेंट लाइन कोऱ्या राहायला आणखी एक कारण असतं, ते फारसं कोणी बोलत नाही. कॅल्शियम काढायला आपण जे ईडीटीए वापरतो, त्यानेच संशोधक हाडातून ऑस्टिओपाँटिन बाहेर काढतात. हे प्रथिन खनिजाला धरून बसलेलं असतं. फिक्सेशन (फॉर्मलिनने प्रथिनं जागच्या जागी पक्की करणं) आतपर्यंत पोहोचलं नसेल तर कॅल्शियमबरोबर तेही द्रावणात निघून जातं. म्हणून हाड दोन्ही टोकांना उघडून मगच फॉर्मलिनमध्ये घाला. त्यानंतर मात्र उदासीन पीएचचं ईडीटीएच बरं, वेळ लागला तरी चालेल. तीव्र आम्लाने काम लवकर उरकतं, पण एपिटोपची (अँटिबॉडी जिथे चिकटते त्या जागेची) वाट लागण्याची भीती असते. स्लाइड उकळून अँटिजेन रिट्रीव्हल (फिक्सेशनने झाकलेले एपिटोप पुन्हा उघडे करणं) करायला गेलात तर हाडाचे तुकडे काचेवरून सुटतात. तापमान उतरवून जास्त वेळ ठेवा किंवा एन्झाइम वापरा.

एवढं करूनही अँटिबॉडी खरी की खोटी हे ठरतं ते एसपीपी१ हे ऑस्टिओपाँटिनचं जनुक काढून टाकलेल्या उंदराच्या हाडावर. हे उंदीर व्यवस्थित जगतात आणि प्रजननही करतात, त्यामुळे ज्या प्रयोगशाळेत ते आहेत तिथून एखादं हाड मागून घेणं अशक्य नाही. त्यावरही रंग आला तर अँटिबॉडी बदला. नाहीच मिळालं, तर ऑस्टिओब्लास्टच्या पेशींमध्ये एसआयआरएनए या छोट्या आरएनएने जनुक दाबून ब्लॉट करा. अँटिबॉडी ज्याविरुद्ध बनवली ते पेप्टाइड घालून बँड नाहीसा करण्याच्या चाचणीवर माझा भरवसा नाही: अँटिबॉडी चुकीच्या प्रथिनाला चिकटत असली तरी पेप्टाइडने तोही बँड जातोच. आणि अँटिबॉडी पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) असेल तर लॉट नंबर वहीत टिपून ठेवा, नवा लॉट आला की ही तपासणी पुन्हा करावी लागेल.