सिलिकॉन नॅनोवायरचं (काही नॅनोमीटर जाडीच्या तारेचं) रामन शिखर (लेझर टाकल्यावर विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटातलं टोक) 520 ऐवजी 515 प्रति सेंटिमीटरला का येतं? इलेक्ट्रॉन-फोनॉन जोडणीमुळे का, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि स्फटिकातली कंपनं (फोनॉन) यांच्या परस्परक्रियेमुळे?

बहुधा नाही. आधी लेझरवर संशय घ्या. बारीक तारेतून उष्णता सहज बाहेर पडत नाही. दर 100 केल्विनला शिखर सुमारे 2 प्रति सेंटिमीटर खाली सरकतं, म्हणजे 5 ची घसरण नुसत्या तापण्यानेही होते. लेझरची पॉवर निम्मी करत जा. शिखर 520 कडे परतलं तर प्रश्न तिथेच मिटला. तारा इथेनॉलमधून सपाट सब्स्ट्रेटवर (आधाराच्या चकतीवर) पसरल्या तर कमी तापतात, गुंता करून ठेवल्या तर फार.

पॉवर कमी करूनही शिखर खालीच असेल, तर शिखराचा आकार बघा. डाव्या, म्हणजे कमी वारंवारतेच्या बाजूला लांब शेपूट ही फोनॉन कोंडल्याची (कंपन बारीक जागेत अडकल्याची) खूण. पण तारेचा व्यास साधारण 10 नॅनोमीटरच्या आत हवा. 50 नॅनोमीटरच्या तारेत हे कारण देऊच नका.

खरी इलेक्ट्रॉन-फोनॉन जोडणी दिसते ती भरपूर बोरॉन घातलेल्या तारांत. तिथे बोरॉनमुळे तयार झालेल्या होलच्या (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांच्या) सलग ऊर्जापट्ट्याशी फोनॉनचं व्यतिकरण होतं (फानो परिणाम). मग शेपूट उजवीकडे आणि डावीकडे खळगा. खात्रीसाठी 488 आणि 633 नॅनोमीटर, दोन्ही लेझर वापरा. फानो असेल तर 633 ला शिखराची विषमता ठळक होते.