जुने घडीचे चाकू दुरुस्त करण्याचा छंद कसा सुरू करावा? आजोबांचा गंजलेला चाकू आधी पॉलिश करून घ्यावा का?

साधने कोणती घ्यावीत, हा तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग मी शेवटी थोडक्यात उरकणार आहे. दुसऱ्या भागात तुम्ही लिहिले आहे की आजोबांचा इंग्लंडमधल्या शेफील्डचा चाकू आधी बाहेरून पॉलिश करून आणावा आणि मग सावकाश दुरुस्तीला घ्यावा, असा तुमचा विचार आहे. कृपया तसे करू नका. याच क्रमाने आमच्या घरातला एक चाकू बिघडला आणि त्यावरून थोरल्या भावाचे व माझे गेली अकरा वर्षे पटलेले नाही.

आमचे आजोबा वाईला प्राथमिक शिक्षक होते. कित्ता गिरवणाऱ्या मुलांचे बोरू ते स्वतः तासून देत आणि त्यासाठी त्यांच्या कोटाच्या खिशात शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा, काळ्या शिंगाच्या मुठीचा, दोन पात्यांचा चाकू असे. अशा लहान चाकूला इंग्रजीत पेननाइफ म्हणतात ते पिसाच्या लेखण्या तासण्यावरून, तेव्हा वाईच्या शाळेत त्या चाकूला त्याचे मूळचेच काम मिळाले होते, असे म्हणायला हरकत नाही. पाते मिटताना होणारा ‘खट्’ असा आवाज ऐकला की पुढच्या बाकावरची मुले सरसावून बसत, असे वडील सांगत. आजोबांच्या पश्चात त्याची पाठीची स्प्रिंग तुटली, पाती लुळी पडली आणि चाकू कपाटाच्या खणात गेला.

वडिलांच्या पंचाहत्तरीला भेट म्हणून दादाने तो मला न विचारता एका पॉलिशवाल्याकडे दिला. परत आला तो आरशासारखा चकचकीत होऊन. पात्याच्या बुडाशी तारा आणि माल्टीज क्रूस ही रॉजर्सची खूण होती. तिच्याजवळ मुकुट आणि ‘जी’ व ‘आर’ ही अक्षरे होती. बफच्या, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकाखाली हे सगळे गेले. अशा चाकूचे वय बहुधा त्या अक्षरांवरूनच काढता येते. ‘व्ही आर’ असेल तर साधारणपणे 1901 पर्यंतचा, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, ‘जी आर’ असेल तर एखाद्या जॉर्ज राजाच्या काळातला. स्टेनलेस पोलाद शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने 1913 मध्ये तयार केले, त्यामुळे पात्यावर ‘स्टेनलेस’ लिहिले असेल तर चाकू त्याआधीचा नाही, हेही त्या बोटभर जागेवरूनच कळते. आमच्या चाकूची ती जागा आता गुळगुळीत आहे.

याहून वाईट गोष्ट टोकाशी होती. तिथे निळसर जांभळा डाग होता आणि घरच्यांना तो शोभेचा वाटला. साध्या कार्बन पोलादाच्या पात्याला कठीण करून मग साधारण 200 ते 230 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाणी दिलेले असते, म्हणजे धार टिकेल इतका कठीणपणा आणलेला असतो. निळा रंग 300 अंशांच्या आसपास येतो. म्हणजे चाकावर टोक तापले, पाणी उतरले आणि पाते तिथे मऊ झाले. मी टोकाकडचे चार मिलिमीटर कानशीने काढून टाकले, तेव्हा कुठे त्याला पुन्हा धार टिकू लागली.

मग स्प्रिंग. जुनी रिव्हेट सुंब्याने, म्हणजे ठोकून खिळा बाहेर काढायच्या लोखंडी दांडीने काढून मी स्प्रिंगच्या पोलादाच्या पट्टीतून नवी घडवली. पहिली लाल तापवून तेलात बुडवली आणि तशीच बसवली. ती काचेसारखी तुटली. दुसरी तेलातून काढल्यावर पुन्हा तापवली, पण जास्त तापल्यामुळे ती वाकूनच राहिली. तिसरी घासून चकचकीत केली, मंद आचेवर सर्वत्र सारखा निळा रंग येताच बाजूला काढली, आणि ती आजतागायत चालते आहे. जो निळा रंग पात्याचा घात करतो, तोच स्प्रिंगला हवा असतो. रिव्हेट ठोकताना पाते आणि पितळी अस्तर, म्हणजे मुठीच्या आतली पट्टी, यांच्यामध्ये पातळ कागद ठेवावा, नाहीतर सांधा आवळला जाऊन पाते उघडत नाही. पाते उघडे असताना आणि मिटलेले असताना स्प्रिंगची पाठ अस्तराशी समपातळीत आली पाहिजे, आणि ‘खट्’ असा आवाज आला पाहिजे. आमच्या चाकूचा आवाज परत आला आहे.

दादाचे म्हणणे असे की खूण पाहायला भिंग लागते, चमक मात्र सगळ्यांना दिसते. माझे म्हणणे असे की चमक कुठल्याही नव्या चाकूला असते. पात्यावरचा राखी काळपट थर म्हणजे गंज नव्हे. कैऱ्या, लिंबे कापून आणि वर्षानुवर्षे हाताळून तो चढतो आणि खालच्या पोलादाला थोडेफार राखतो. लाल, भुसभुशीत असतो तोच गंज, आणि तो काढायला चाक लागत नाही. मशीनचे तेल लावून दोन दिवस ठेवा आणि पितळेच्या पट्टीने खरवडा. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा पडत नाही. दादाच्या बाजूने एवढे मात्र मान्य करायला हवे की वीस वर्षे खणात पडलेला तो चाकू बाहेर काढला त्यानेच, आणि त्याने तो बिघडवला नसता तर मी हा छंद धरलाच नसता.

साधनांचे म्हणाल तर एक लहान व्हाइस, गोल तोंडाची हलकी हातोडी, दोन-तीन सुंबे, बारीक कानशी, 400 ते 2000 नंबरचा पॉलिश पेपर, हातड्रिल, पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची तार एवढे पुरे. विजेवर चालणारे ग्राइंडर पहिले वर्षभर घेऊ नका. हात बसण्यासाठी आजोबांचा चाकू वापरू नका. पुण्यात असाल तर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून दोन-तीन मोडके चाकू आणून त्यांच्यावर शिका.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. मूठ हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मुळे अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे, म्हणून बदली तुकडा बाजारात शोधत फिरू नका. म्हशीचे शिंग किंवा शिसवी लाकूड वापरा आणि ते घासताना तोंडावर मास्क बांधा.

तुमच्या चाकूचे मोठे पाते उघडून बुडाशी भिंग धरा आणि तिथे काय कोरले आहे ते खाली लिहा. तोपर्यंत त्याला ब्रासोसुद्धा लावू नका.