वाचक विचारतात : जुन्या बेसबॉलमधले विसरलेले खेळाडू

प्रश्न : शिकागोच्या रॉस बार्न्सची बॅटिंग सरासरी (दर संधीमागे किती हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठणं) १८७६ मध्ये ०.४२९ होती, १८७७ मध्ये ०.२७२. नियम बदलला म्हणून तो संपला, हे खरं का?

उत्तर : अर्धंच खरं. तेव्हा चेंडूचा पहिला टप्पा होम प्लेटपासून (बॅटरच्या जागेपासून) पहिल्या व तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या रेषांच्या आत पडला की तो फेअर, म्हणजे वैध. मग पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या अलीकडूनच बाहेर गेला तरी चालायचं. बार्न्स बॅट वरून खाली अशी हाणायचा, की चेंडू होम प्लेटच्या पुढ्यात आपटून फिरकीमुळे सपकन रेषेबाहेर पळे. तिसऱ्या बेसवरचा खेळाडू रेषेला चिकटला तर आतली बाजू मोकळी. आत सरकला तर चेंडूमागे लांब धावणं आलं. १८७७ पासून चेंडू बेसपर्यंत आत राहणं सक्तीचं झालं आणि हा फटका मेला. पण त्याच मोसमात बार्न्स आजारी पडला, जेमतेम २२ सामने खेळला. सगळं खापर नियमावर फोडणं अन्यायाचं आहे. नॅशनल लीग या व्यावसायिक स्पर्धेतला पहिला होमरनही (एका फटक्यात सगळे बेस पळून काढलेली धाव) त्याचाच, २ मे १८७६ चा. एका क्लृप्तीवर जगणारा बॅटर तो नव्हता.

प्रश्न : सेंट लुईसचा बॅटर टिप ओ'नीलची १८८७ ची सरासरी कुठे ०.४९२, कुठे ०.४३५ का?

उत्तर : त्या एका मोसमात वॉकसुद्धा (चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस) हिट म्हणून मोजला. १०० संधींत ३० हिट म्हणजे ०.३००. त्यात १० वॉक दोन्हीकडे मिळवा : ११० मध्ये ४०, म्हणजे ०.३६४. ०.४३५ हा वॉक वगळलेला आकडा. तुलनेसाठी तोच घ्यावा.

प्रश्न : पदार्पणातच नो-हिटर टाकणारा (प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देणारा) पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बम्पस जोन्स पुढे का चालला नाही?

उत्तर : सिनसिनाटीकडून १५ ऑक्टोबर १८९२ रोजी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, त्याने पिट्सबर्गला एकही हिट दिला नाही. १८९३ मध्ये पिचरचं होम प्लेटपासूनचं अंतर ६० फूट ६ इंच झालं. पूर्वीचे ५० फूट पिचर-चौकटीच्या पुढच्या रेषेपर्यंतचे. पिचरचा मागचा पाय साडेपाच फूट मागच्या रेषेवर असे. म्हणजे प्रत्यक्ष वाढ पाचच फुटांची. तेवढ्यानेही बॅटरला चेंडू जोखायला वेळ मिळाला आणि लीगची बॅटिंग सरासरी ०.२४५ वरून ०.२८० वर गेली. त्या लाटेत अनेक पिचर वाहून गेले. जोन्सने त्या वर्षी एकच सामना जिंकला. कारकिर्दीत एकूण दोन.