शेवाळाच्या पेशी एकाच वेळी विभागाव्यात म्हणून

आधी माध्यम, म्हणजे पेशी ज्यात वाढवतो तो द्रव, बदला. टॅप (ट्रिस-अ‍ॅसिटेट-फॉस्फेट) माध्यमातल्या अ‍ॅसिटेटवर क्लॅमिडोमोनास हे एकपेशी हिरवं शेवाळ अंधारातही वाढत राहतं, मग उजेडाचं वेळापत्रक त्याच्यावर नीट चालत नाही. नुसत्या क्षारांचं माध्यम घ्या आणि गाळलेली हवा सोडा. १२ तास उजेड, १२ तास अंधार, तापमान २५ अंश.

उजेडात पेशी फक्त वाढते. आकार साधारण दुप्पट झाला की विभाजन पक्कं ठरतं. त्यानंतर दिवा बंद केला तरी ती विभागतेच. दिवसभरात जेवढी मोठी झाली, त्या मानाने रात्री लागोपाठ दुभागून २, ४ किंवा ८ पेशी होतात. म्हणजे रात्रीचा आकडा कमी आला तर दोष दिवसाच्या उजेडात शोधा. बहुतेकदा कल्चर (माध्यमात वाढणाऱ्या पेशी) दाट झालेलं असतं आणि पेशी एकमेकींवर सावली धरतात. रोज दिवा लागताना ते पातळ करून मिलिलिटरला १ ते २ लाख पेशींवर आणा.

मोजणी पहाटे, दिवा लागण्याआधी करा. मध्यरात्री नव्या पेशी आईच्याच भित्तिकेत अडकलेल्या असतात, त्यामुळे चारांचा गठ्ठा एकच मोजला जातो. नमुन्यात लुगोलचं आयोडीन घाला, नाहीतर त्या पोहत राहतात.

सोलापुरात दोन गोष्टींना फार जपा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात दिव्यांची उष्णता; थर्मामीटर भिंतीवर नको, पाणी भरलेल्या फ्लास्कमध्ये ठेवा. आणि साधा चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो, तासभर वीज गेली तर रात्र तासभर पुढे सरकते. बॅटरीवाला टायमरच घ्या. वेळ चुकलीच, तर दोन-तीन दिवस जाऊ द्या, मगच नमुने घ्या.