'पित्त झालं' म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न असा: पोटात जळजळलं की आपण 'पित्त झालं' म्हणतो. मग जठररस आणि पित्त एकच का?

शरीरशास्त्रात नाही. जठररस जठराच्या अस्तरातल्या ग्रंथींतून पाझरतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि प्रथिनं फोडणारं पेप्सिन हे विकर (एन्झाइम). पित्तरस बनतो यकृतात, साठतो पित्ताशयात आणि उतरतो थेट लहान आतड्याच्या सुरुवातीला. उलटून आलेलं पाणी आंबट लागलं तर ते जठरातलं आम्ल. कडू आणि पिवळं-हिरवट असेल तर त्यात खरा पित्तरस आहे.

दोघांना जाग आणणाऱ्या गोष्टीही निराळ्या. जठररस घास गिळायच्या आधीच सुटू लागतो. अन्न नुसतं दिसलं, वास आला, तरी मेंदूचा निरोप व्हेगस या चेतेतून (नसेतून) जठराला जातो. रशियन शरीरशास्त्रज्ञ पाव्हलोवने कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून खाल्लेलं अन्न गळ्यातूनच बाहेर पडेल अशी सोय केली होती. जठरात कणही पोचत नव्हता, तरी रस झरत होता. (त्याला १९०४चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते या गाजलेल्या प्रयोगासाठी नव्हे.) तोंडाला पाणी सुटतं तेव्हा जठरालाही सुटतं, पण त्यासाठी आपल्याकडे वाक्प्रचार नाही! पुढे अन्नाने जठर ताणलं गेलं, त्यात प्रथिनं पोचली, की गॅस्ट्रिन हे संप्रेरक रक्तात उतरतं आणि आम्लाचा जोर वाढतो. आम्ल फार झालं की गॅस्ट्रिनच आखडतं. पित्ताशय मात्र स्निग्ध पदार्थ आतड्यात पोचल्यावर आकुंचन पावतं.

तरीही 'पित्त झालं' याला मी चूक म्हणणार नाही. हे पित्त आयुर्वेदातलं आहे, त्रिदोषांपैकी एक. त्याची व्याप्ती मोठी आहे आणि 'आम्लपित्त' हा शब्दही तिथलाच. घोळ झाला तो आधुनिक परिभाषेने तोच शब्द यकृतातल्या रसाला दिल्यामुळे. 'अंगावर पित्त उठणं' तर या दोन्ही रसांशी संबंधित नाही; ती त्वचेवरची ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया. बोलताना 'पित्त' खुशाल म्हणा, लिहिताना 'जठराम्ल' आणि 'पित्तरस' असे वेगळे शब्द वापरा.

आणि अशा रसांच्या पाझरण्याला पुष्कळदा 'स्त्राव' लिहिलं जातं, ते 'स्राव' हवं. धातू 'स्रु', त्यात 'त' नाही.