बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर विमा नाकारला, रुग्णालय घरी सोडेना

प्रश्न : माझ्या यजमानांवर नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात वजन घटवण्यासाठी जठराचा आकार लहान करणारी स्लीव्ह (बॅरिअॅट्रिक) शस्त्रक्रिया झाली. वजन १०१ किलो, उंची १६५ सेंटिमीटर. औषधे घेऊनही मधुमेह आटोक्यात नव्हता. आधी मंजूर केलेले कॅशलेस विमा कंपनीने डिस्चार्जच्या दिवशी ‘सौंदर्योपचार’ म्हणून नाकारले. पूर्ण बिल भरल्याशिवाय सोडणार नाही, असे रुग्णालय म्हणते. काय करावे?

उत्तर : घरी जाण्यास हरकत नाही असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर बिल थकले म्हणून यजमानांना अडवून ठेवण्याचा अधिकार रुग्णालयाला नाही. थकबाकी दिवाणी मार्गाने वसूल करता येते. आजाऱ्याला तारण म्हणून ठेवून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली बेकायदा डांबून ठेवण्याचा गुन्हा ठरू शकतो. तसे वैद्यकीय अधीक्षकांना लेखी देऊन पोच घ्यावी आणि तरीही न सोडल्यास पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. मात्र पैशांची सोय होत असेल, तर ‘हक्क राखून’ असा शेरा लिहून बिल भरावे, असे मी सुचवेन. त्यामुळे परताव्याचा दावा शाबूत राहतो आणि नुसत्या पातळ आहारावर असलेल्या माणसाची ओढाताण टळते.

विम्याच्या बाबतीत आपली बाजू मला भक्कम वाटते. विमा नियामकाच्या प्रमाण अटींनुसार, रुग्ण सज्ञान असेल, शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झाली असेल आणि बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक) किमान ४०, अथवा किमान ३५ असून अनियंत्रित टाइप २ मधुमेह किंवा तीव्र स्लीप अॅप्नियासारखा (झोपेत श्वास अडखळण्याचा विकार) गंभीर सहआजार असेल व वजन घटवण्याचे सौम्य उपाय निष्फळ ठरले असतील, तर लठ्ठपणाचे अपवर्जन (विम्यातून वगळण्याची अट) लागू होत नाही. यजमानांचा बीएमआय ३७ भरतो. पॉलिसीतील प्रतीक्षाकाळ (ज्या सुरुवातीच्या काळात ठरावीक उपचारांचा खर्च मिळत नाही तो) संपला आहे ना, एवढे तपासावे.

सगळी मदार कागदांवर आहे. डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘वजन कमी करण्यासाठी’ असे लिहिले गेले, तर कंपनी तेच वाक्य पुढे करील. म्हणून दाखल होतानाचे वजन-उंची, एचबीए१सी (मागील काही महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) आणि आधीचे आहार-औषधोपचार त्यात नमूद करून घ्यावेत. केसपेपरच्या प्रतींसाठी लेखी अर्ज करावा. डॉक्टरांनी त्या ७२ तासांत देणे अपेक्षित आहे.

नकाराचे कारण पॉलिसीतील नेमक्या अटीसह कंपनीकडून लेखी मागावे आणि तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागावी. महिनाभरात समाधान न झाल्यास पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमाविषयक तक्रारी सोडवणारा अधिकारी) एक वर्षाच्या आत तक्रार करता येते; तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.