मुलाकडे कॅलिफोर्नियात कायमचे राहायला आलो आहोत. वय ६४, भारतात ३५ वर्षं गाडी चालवली आहे. या वयात इथलं लायसन्स काढावं का?

जरूर काढा. फक्त ती ३५ वर्षं थोडी बाजूला ठेवा. मी नाशकात २८ वर्षं गाडी चालवून इथे आले आणि पहिल्याच ड्रायव्हिंग टेस्टला नापास झाले.

झालं असं, की वस्तीतल्या रस्त्यावर स्टॉपची लाल पाटी आली. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी वेग कमी केला, दोन्हीकडे पाहिलं आणि निघाले. शेजारी बसलेल्या परीक्षक बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं. परत आल्यावर म्हणाल्या, "तुम्ही थांबला नाहीत." अहो, थांबले की! पण चाकं काही पूर्ण थांबली नव्हती. आपल्याकडे ज्याला थांबणं म्हणतात, ते इथे नुसतं हळू होणं. बारीकसारीक चुका १५ पर्यंत खपतात, ही मात्र एकच पुरते.

व्हिजिटर व्हिसावर असता तर भारतातल्या लायसन्सवर चाललं असतं. ग्रीनकार्डवर कायमचे राहायला आलात की १० दिवसांत इथलं काढायला हवं. डीएमव्हीत (म्हणजे इथलं आरटीओ) पासपोर्ट, ग्रीनकार्ड आणि पत्त्याचे पुरावे न्यायचे. घोडं अडतं ते पत्त्यावर, कारण घरातली सगळी बिलं मुलाच्या नावावर. आल्याआल्या बँकेत खातं उघडा, स्टेटमेंट कामी येतं. डोळे तपासतात, मग लेखी परीक्षा: ३६ प्रश्न, ३० बरोबर हवेत. डीएमव्हीचं पुस्तक दोनदा नीट वाचलंत तर अवघड नाही. पास झालात की परमिट मिळतं, त्यावर लायसन्सवाल्या माणसाला शेजारी बसवून सराव करायचा. टेस्टला गाडी आपलीच न्यायची, इन्शुरन्सच्या कागदांसकट.

सरावात आठवडाभर मी वळताना वायपरच चालू करत होते. इंडिकेटर इथे स्टिअरिंगच्या डावीकडे, हाताची सवय उजवीकडची. हसण्यावारी नेलं, पण त्या क्षणी मागच्याला कळतच नाही तुम्ही वळताय ते. लेन बदलताना नुसत्या आरशावर जाऊ नका, मान वळवून खांद्यावरून बघा. परीक्षक तेच बघतात. आणि मान दुखत असेल तर आधी तिचं काहीतरी करा, थट्टा नाही.

माझ्या मते आपल्या वयाला सगळ्यात धोक्याचं म्हणजे सिग्नलला डावीकडे वळणं. हिरवा गोल दिवा लागला म्हणजे आपली पाळी, असं वाटतं. पण समोरून सरळ येणाऱ्यांचा हक्क आधी; फक्त हिरवा बाण असेल तरच वाट मोकळी. समोरच्या गाडीच्या वेगाचा अंदाज मला आता पूर्वीसारखा येत नाही. म्हणून मी पुढे जाऊन तीन वेळा उजवीकडे वळते आणि हव्या त्या रस्त्याला लागते. सून हसते, हसू दे. रात्री आणि पावसात गाडी काढत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत तर समोरच्या दिव्यांनी डोळे दिपायचे.

पोलिसांच्या गाडीचे दिवे मागे लागले तर उजवीकडे कडेला घ्या, हात स्टिअरिंगवर ठेवा आणि आतच बसून राहा. आपल्यासारखं उतरून "साहेब, काय झालं?" करायला जाऊ नका.

मुलाच्या इन्शुरन्समध्ये आपलं नाव घालून घ्या. २०२५ पासून किमान कव्हर वाढलंय: एका माणसाच्या इजेला ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांच्या मिळून ६० हजार. इथली हॉस्पिटलची बिलं पाहिलीत तर तेही तुटपुंजं वाटेल. जास्तीचं घ्या.

आणि शिकायला मुलाला शेजारी बसवू नका. ड्रायव्हिंग स्कूलचे दोन-तीन तास घ्या. माझा मुलगा दर वळणावर "आई, ब्रेक!" असं ओरडायचा आणि मी त्याला "तुला सायकल कोणी शिकवली?" असं विचारायचे. गाडी तेवढा वेळ चौकातच.